शब्दचर्चा: ‘बघते’ म्हणजे नक्की काय? (जर्मन माणसाला समजावून सांगायचंय)

ठाणे_स्लो
मंडळी, एक शब्द सोडवून द्या. शब्द साधाच आहे, बघते. बघतो, बघू, बघूया, तुमच्या घरी जे चालतं ते.

झालं असं की मी ऐरोलीला मशीनचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत प्लॅनिंगला आहे, मूळ कंपनी जर्मन, त्यामुळे रोज दुपारी दीडला कॉल, तेव्हा त्यांच्याकडे उन्हाळ्यात सकाळचे दहा वाजलेले असतात. मागच्या महिन्यात तिकडच्या माणसाने विचारलं की ड्रॉइंगमधला हा बदल याच लॉटमध्ये बसेल का. मी म्हटलं, आय विल सी. माझ्या डोक्यात होतं ‘बघते’, म्हणजे अवघड आहे बाबा, बहुतेक नाहीच जमणार, पण आत्ता सगळ्यांसमोर नाही कशाला म्हणू. त्याने सरळ लिहून घेतलं की ही बघणार आहे. आणि शुक्रवारी विचारतो, मग काय दिसलं? मी काय सांगणार, मी बघितलंच नव्हतं ना! आपल्याकडे बघते म्हटल्यावर कोणी खरंच बघतं का?

तर प्रश्न असा की हा होकार आहे, नकार आहे, का नुसती टोलवाटोलवी? आणि इंग्रजीत याला काय म्हणायचं?

शब्दांचा_भंगारवाला
ताई, एकटा ‘बघते’ घेऊन चालणार नाही, त्याच्या शेपटीला काय लागलंय ते बघावं लागतं (हे खरंच बघावं लागतं). ‘बघते’ म्हणजे अर्धवट. ‘बघते ना’ म्हणजे होकार, नुसता ना लागला की काम झालं समजा. ‘बघते हां’ म्हणजे विसरले तर आठवण कर. ‘बघू’ म्हणजे नाही. ‘बघूया’ म्हणजे नाहीच, पण चहा घेऊन जा. ‘बघून सांगते’ यात वायदा आहे, कारण सांगायची जबाबदारी आली. आणि ‘बघून घेईन’ ही तर सरळ धमकी. एकाच धातूत होकारापासून मारामारीपर्यंत सगळं, आणि आपण सगळ्याला एकच आय विल सी लावतो. शेपटी कापली गेली की समोरच्याला काय कळणार.

अजून एक. ‘बघते’ दिसायला वर्तमानकाळ आहे पण बोलताना आपण तो पुढच्या गोष्टीसाठी वापरतो. करतो, देतो, पाठवतो, सगळं तसंच. घाटकोपरचा प्लंबर फोनवर ‘येतो’ म्हणतो तेव्हा तो कुठे असतो हे सगळ्यांना माहितीय.

कांदिवली_९३
हाहा प्लंबर!! पण खरंय, माझा हाच लोच्या झाला होता. ‘पाठवतो’ डोक्यात ठेवून आय ॲम सेंडिंग लिहिलं आणि जेवायला गेलो. समोरची बाई पाच मिनिटांनी विचारते अजून आलं नाही, मग दहा मिनिटांनी, मग मेल सर्व्हरवाल्यांना सीसी करून, की तुमचे मेल आमच्याकडे अडकतायत का. आयटीतला मुलगा माझ्या टेबलवर येऊन उभा, फाईल अजून बनलीच नव्हती. तेव्हापासून वेळ लिहितो. चार वाजेपर्यंत पाठवेन. बस.

सीप्झचा_जुना_गडी
आमच्या काळी अंधेरीला जपानी लोकांबरोबर बारा वर्षं काढली, तेव्हा दुसरी बाजू सांगतो. त्यांचा ‘हाई’ पुस्तकात हो म्हणून शिकवतात. मीटिंगमध्ये आमचा सेल्सचा पोरगा बोलतोय आणि समोरचे चारही जण हाई, हाई, मान हलतेय, पोरगा खूश, बाहेर येऊन म्हणतो ऑर्डर आली. आली कुठे! तो हुंकार होता. आजी गोष्ट सांगायची तेव्हा आपण हं, हं करायचो ना, नाही केलं तर आजी थांबायची आणि विचारायची झोपलास का, तेच. त्यांच्यात त्याला आइझुचि म्हणतात, ऐकतोय एवढंच सांगायचं असतं, पटलं असं नाही. गोष्टीला हं म्हटलं म्हणजे राक्षस खरा होता असं थोडीच.

आणि ‘केन्तो शिमास’ म्हणाले की शब्दशः अर्थ विचार करतो. पण हे म्हणताना आवाज खाली गेला, पुढची तारीख कोणी काढली नाही, तर फाईल कपाटात गेली समजायचं. त्याहून भारी ‘चोत्तो’, म्हणजे जरा. ‘ते चोत्तो...’ एवढं बोलून वाक्य सोडून देतात. आपण नाही का, ‘जरा अवघड आहे’ म्हणतो, तो जरा किती मोठा असतो! मला तर जपान्यांशी कधी त्रास झाला नाही, त्यांचा जरा आणि माझा जरा एकाच मापाचा. त्रास अमेरिकन माणसाबरोबर झाला, तो म्हणायचा जरा अवघड म्हणजे किती टक्के?

एमबीए_पार्टटाइम
यावर थिअरी आहे. एडवर्ड हॉल नावाच्या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाने १९७६ मध्ये मांडलं की काही समाजांत अर्थ शब्दात असतो आणि काहींत शब्दाच्या आजूबाजूला, म्हणजे कोण बोललं, कोणासमोर, आधी काय झालंय यात. जपान दुसऱ्या टोकाला, जर्मनी पहिल्या. आपण जपानच्या बाजूला. मग हॉफस्टेड नावाच्या डच अभ्यासकाने आयबीएमच्या वेगवेगळ्या देशांतल्या कर्मचाऱ्यांच्या सर्व्हेवरून आकडे काढले, त्यात वरच्या-खालच्यातलं अंतर लोक किती गृहीत धरतात याचा आकडा भारताला ७७ आणि जर्मनीला ३५ आहे. म्हणजे ठाणे_स्लो ताईंचा प्रॉब्लेम क्लासिक आहे.

ठाणे_स्लो
क्लासिक असेल पण ७७ चं मी काय करू, कॉलवर सांगू का की सॉरी माझा आकडा मोठा आहे? 😄 तसे तर आमच्या प्लांटमध्येही दोन मॅनेजर आहेत, एक डोंबिवलीचा आणि तोंडावर नाही म्हणतो, दुसरा पण डोंबिवलीचा आणि जन्मात नाही म्हणत नाही.

पण तुम्ही ‘कोणासमोर’ म्हणालात ते डोक्यात बसलं. खरं सांगायचं तर त्या कॉलवर आमचे सर पण होते, आणि सरांनी आदल्या दिवशीच तिकडे कळवलं होतं की टीम फ्लेक्सिबल आहे. म्हणजे मी नाही म्हणायला लाजले ती जर्मनासमोर नाहीच, आपल्याच माणसासमोर. तो एकटा असता तर कदाचित बोलले असते. हे मला आत्ता लिहिताना कळतंय.

शब्दांचा_भंगारवाला
बघा, म्हणजे तुमचा ‘बघते’ ठाण्याहून ऐरोलीला चालला होता, जर्मनीला चुकून पोचला.

काळाघोडा_बी१
मी मॅक्स म्युलर भवनला शनिवार-रविवार जर्मन शिकते, तर थोडं त्यांच्या बाजूने. त्यांच्या इंग्रजीखाली पण जर्मन असतंच. जर्मनमध्ये ‘एव्हेंटुएल’ म्हणजे कदाचित. इंग्रजीत इव्हेंच्युअली म्हणजे शेवटी होणारच. आता जर्मन माणसाने मेलमध्ये लिहिलं की इव्हेंच्युअली आम्ही अजून दोन मशीन घेऊ, की आपला सेल्सवाला पेढे वाटतो आणि तो बिचारा फक्त कदाचित म्हणत होता. म्हणजे त्यांचा पण ‘बघू’ आहे, फक्त वेगळ्या कपड्यात.

दुसरा ‘बिस’. बिस फ्रायटाग म्हणजे शुक्रवारपर्यंत. आपला ‘पर्यंत’ आणि त्यांचा बिस सेम टू सेम. ‘शुक्रवारपर्यंत दे’ आणि ‘शुक्रवारपर्यंत सुट्टीवर आहे’, दोन्हीला एकच शब्द. इंग्रजीत मात्र पहिल्याला बाय, दुसऱ्याला अन्टिल. मग ते पण चुकतात, आपण पण चुकतो, आणि गंमत म्हणजे चुकून आपल्याला एकमेकांचं बरोबर कळतं, गोंधळ होतो तो मध्ये एखादा ब्रिटिश असला की.

आणि माझं सगळ्यात लाडकं. जर्मनमध्ये ‘हाल्प द्राय’, शब्दशः अर्धे तीन, म्हणजे अडीच. लंडनवाला हाफ थ्री म्हणाला तर साडेतीन. आमच्या बॅचमध्ये सगळे यावर अडखळले, मी नाही, कारण आपला अडीच हाच आहे हो! संस्कृत अर्धतृतीय, म्हणजे तिसरा अर्धा, त्यावरून घासत घासत अडीच झाला. आणि साडे म्हणजे सार्ध, अर्ध्यासकट. म्हणजे मराठीत अडीच जर्मन हिशोबाने चालतो आणि साडेतीन लंडनच्या. एकाच घड्याळात दोन्ही. (पावणेतीनमधला पाऊण म्हणजे पादोन, पाव कमी, सव्वा म्हणजे सपाद, ते वेगळं.)

कांदिवली_९३
अडीचचं काय सांगताय, डोक्यावरून गेलं आणि परत आलं. लोकलमध्ये दोनदा वाचलं.

हिशोबनीस
आकड्यांचं पण घ्या याच्यात. आपण १२,५०,००० लिहितो, ते १.२५०.००० लिहितात, जर्मनीत हजाराला टिंब आणि दशांशाला स्वल्पविराम. १.२५० युरो बघून आमच्या एकाने सव्वा युरो धरलं होतं. आणि त्यांचं ‘बिलिऑन’ म्हणजे इंग्रजी बिलियनच्या हजारपट, एकावर बारा शून्यं, इंग्रजी बिलियनला ते मिलिआर्ड म्हणतात. तारखेला महिना अक्षरात लिहा, बाकी काही पाळलं नाही तरी चालेल.

अर्धा_चहा
मला ‘आपण’ टाकायचाय. मराठीत आम्ही म्हणजे तुला सोडून आणि आपण म्हणजे तुला धरून, हा फरक हिंदीच्या हम मध्ये नाही आणि इंग्रजीच्या वी मध्ये पण नाही. गुजरातीत आहे, तमिळमध्ये आहे, इंडोनेशियात किता आणि कामी आहे (तिकडच्या ऑफिसमधली मुलगी हे ऐकून इतकी खूश झाली की विचारू नका). आता त्यात भर म्हणून आपण आदराने तुम्ही साठी पण वापरतो, आणि सर लोक तर ज्युनिअरला काम सांगताना, ‘आपण हा रिपोर्ट जरा बदलूया’. यातला आपण म्हणजे फक्त तू! सर काही बदलायला बसणार नाहीत.

तर मी एका डच कलीगला लिहिलं, वी शुड करेक्ट धिस शीट. मला म्हणायचं होतं तू कर. तो मीटिंग टाकून बसला, एक तास, दोघांनी मिळून करायला. मग केली बसून, काय करता. वाईट नाही वाटलं खरं तर.

सीप्झचा_जुना_गडी
हा चांगला सापडला. उलटं पण होतं, क्लायंट ओरडत असतो आणि आपण म्हणतो वी हॅव अ प्रॉब्लेम, डोक्यात ‘आपल्यापुढे’ असतं, तो म्हणतो माझा कसला प्रॉब्लेम, तुमचा आहे.

‘डाउट’ राहिला. शाळेत बाई विचारायच्या काही शंका? तेव्हा शंका म्हणजे साधा प्रश्न. तो शब्द तसाच उचलून आय हॅव अ डाउट म्हटलं की इंग्रजाला वाटतं हा माझ्यावर संशय घेतोय.

एमबीए_पार्टटाइम
इंग्रज आणि अमेरिकन तरी कुठे एकमेकांना कळतात. ‘टेबल करणे’ म्हणजे ब्रिटनमध्ये विषय चर्चेला घ्या आणि अमेरिकेत विषय बाजूला ठेवा. दुसऱ्या महायुद्धात दोन्हीकडचे अधिकारी या एका शब्दावरून बराच वेळ भांडत बसले होते, दोघांनाही हवं एकच होतं, हे चर्चिलनेच लिहून ठेवलंय.

काळाघोडा_बी१
आता हे सगळं चाललंय तर एक ऐका. मॅक्स म्युलर भवन ज्या रस्त्यावर आहे त्याचं नाव के. दुबाश मार्ग. आधी रॅम्पार्ट रो. दुबाश हे पारशी आडनाव, आणि आलंय ते दुभाषीवरून. मद्रासकडे दुबाश म्हणजे कंपनी सरकारच्या साहेबांचा दुभाष्या कम दलाल कम सगळंच, आणि मुंबई बंदरात जहाजांना शिधा-सामान पुरवणाऱ्याला दुबाश म्हणायचे. म्हणजे शब्द आला दोन भाषांवरून आणि काम काय, तर दोर, पिठाची पोती, पाणी. नुसतं भाषांतर करणाऱ्याला इथे कोणी पोसलं नाही, बंदरावर कोणता माल कधी मिळेल आणि कप्तान खरंच चिडलाय का नुसता ओरडतोय हे कळायला लागायचं. मी दोन वर्षं त्या पाटीखालून क्लासला जातेय आणि मागच्या पावसात आडोशाला उभी राहिले तेव्हा पहिल्यांदा नीट वाचली.

शब्दांचा_भंगारवाला
वा! हे वहीत गेलं.
बरं ठाणे_स्लो ताई, तुमचं इंग्रजी राहिलंच. शेपटी लावा. जमणार नसेल तर ‘या लॉटमध्ये कठीण दिसतंय, पुढच्या लॉटला करू शकतो’ हे इंग्रजीत सरळ म्हणा. नाही हा शब्द आलाच नाही आणि नाही पोचलं. खरंच बघणार असाल तर वार सांगा. आणि सरांशी कॉलच्या आधी पाच मिनिटं बोला, ते सगळ्यात महत्त्वाचं, कारण खरा बघते तिथे अडकलाय.

ठाणे_स्लो
अपडेट. सरांशी बोलले. ते म्हणाले बघू. 😐

पण त्या जर्मन माणसाला काल कॉल संपल्यावर थांबवून सगळं सांगितलं, शेपट्यांसकट, बघू म्हणजे नाही, बघूया म्हणजे चहा घेऊन जा. तो म्युनिककडचा आहे. खूप हसला आणि म्हणाला आमच्याकडे पण आहे, ‘शाउन मेर माल’. म्हणजे बघूया. फ्रान्झ बेकेनबावर, तो फुटबॉलवाला, त्याचं हे अगदी ठरलेलं वाक्य होतं म्हणे, काही विचारा, शाउन मेर माल.

मी म्हटलं मग त्या दिवशी माझं आय विल सी का नाही कळलं तुला? तर म्हणतो, तू ते इंग्रजीत म्हणालीस ना.