शाकंभरी नवरात्र आणि ६० भाज्यांचा प्रश्न

ब-२०४, सकाळी ७.५०
सर्वांना नमस्कार. आमच्या घरी पौष शुद्ध अष्टमीला शाकंभरी देवीचे नवरात्र बसते. आजवर सारे सासूबाईच पाहत असत. यंदा गुडघ्यामुळे त्यांना ओट्यापाशी उभे राहवत नाही, म्हणून कुळाचार माझ्या हाती आला आहे. घट बसवला, अखंड दिवा लावला, रोजची माळही चढते आहे. मात्र पौर्णिमेच्या नैवेद्याला ६० भाज्या लागतात असे त्या म्हणतात, आणि मंडईत दोन फेऱ्या मारूनही माझी यादी ३७ वर अडली आहे. ज्यांच्याकडे हे नवरात्र असते त्यांनी कृपया सांगावे.

क-५०१, सकाळी ८.०५
मला चैत्रातले आणि आश्विनातले नवरात्र ठाऊक आहे, पण ती दोन्ही प्रतिपदेला बसतात. हे अष्टमीला बसून पौर्णिमेला उठत असेल, तर नऊ रात्री कशा भरतात?

अ-१०२, सकाळी ८.३०
भरत नाहीत. तिथी आठच आहेत, आणि मध्ये एखाद्या तिथीचा क्षय झाला तर दिवस सातच मिळतात. नाव मात्र नवरात्रच राहिले आहे. तुळजापूरला पौष शुद्ध प्रतिपदेपासून सप्तमीपर्यंत भवानीची मूर्ती पलंगावर निजवलेली असते, तिला मंचकी निद्रा म्हणतात. अष्टमीला देवी पुन्हा सिंहासनावर येते आणि याच नवरात्राची घटस्थापना होते.

ब-६०३, सकाळी ९.१५
आमची कुलदेवी बदामीजवळची बनशंकरी, म्हणजे शाकंभरीच. महाराष्ट्रातल्या कितीतरी घराण्यांची कुलदेवी अशी कर्नाटकात आहे. तिथे नैवेद्यात भाज्यांचे १०८ प्रकार मांडतात आणि पौर्णिमेला रथ निघतो, तेव्हा ताईंनी ६० वर निभावते आहे यातच समाधान मानावे. उपवासाचे म्हणाल, तर आमच्याकडे उठता-बसता, म्हणजे पहिल्या आणि शेवटच्या दिवशीच करतात. माझ्या माहेरी मात्र सगळे दिवस धान्यफराळ, म्हणजे भाजलेल्या धान्याचेच पदार्थ खाऊन केलेला उपवास, असे. घरचा रिवाज असेल तो पाळावा. शेजारच्या घरचा पाहून उगाच कडक करू नये.

क-५०१, सकाळी ९.४०
उपवासाच्या व्रताला भाज्यांचा एवढा सोहळा, हे मला जरा विसंगत वाटते.

अ-१०२, सकाळी १०.२०
विसंगती नाही, कथाच तशी आहे. दुर्गासप्तशती या देवीच्या पोथीच्या ११ व्या अध्यायात देवी सांगते, की १०० वर्षे पाऊस पडणार नाही, तेव्हा मी प्रकट होईन, १०० डोळ्यांनी मुनींकडे पाहीन, म्हणून मला शताक्षी म्हणतील. आणि पुन्हा पाऊस पडेपर्यंत माझ्याच देहातून उगवलेल्या शाकांनी मी सगळ्या जगाचे पोषण करीन, म्हणून शाकंभरी. मूळ शब्द ‘आत्मदेहसमुद्भवैः’ असा आहे. आधी उपासमार आणि मग भाजी, हा क्रम कथेतच आहे. शस्त्रे घेतलेल्या देवीच्या कथा आपण पुष्कळ ऐकतो. इथे ती आधी जेवू घालते, आणि मला तरी हे रूप अधिक जवळचे वाटते.

आता ताईंच्या यादीविषयी. त्याच पोथीतल्या मूर्तिरहस्यात शाकंभरीच्या हातातल्या शाकसंचयाचे वर्णन ‘पुष्पपल्लवमूलादिफलाढ्यं’ असे येते: फुले, पाला, मुळे आणि फळे. ६० चा आकडा तिथे नाही, तो कुळाचारातला आहे. तेव्हा आधी या चारांपैकी काही राहून तर गेले नाही ना, ते पाहावे.

ब-२०४, सकाळी ११.१०
आपण सांगितल्याप्रमाणे यादी पुन्हा मांडून पाहिली, आणि चूक लगेच दिसली. फळभाज्या आणि शेंगा भरपूर आहेत: वांगी, तांबडा भोपळा, पावटा, घेवडा, तुरीच्या शेंगा, सोलाणे. पाल्यात मेथी, चाकवत, चुका आणि अंबाडी आहे. मुळांत मुळा, गाजर, रताळे, सुरण आणि अळकुड्या आहेत. फुलांत मात्र फक्त फ्लॉवर! सासूबाई पलंगावरूनच म्हणाल्या, “अगं, केळफूल राहिलं.”

क-५०१, सकाळी ११.२५
आले, कढीपत्ता आणि कोथिंबीर मोजली तर चालते का? चालत असेल तर आमच्या रोजच्या आमटीतच पाच-सहा भाज्या भरतील.

ब-६०३, सकाळी ११.४०
हसू नका, आमच्याकडे तीनही मोजतात! कांदा आणि लसूण तेवढे वर्ज्य. ताई, प्रत्येक भाजी वेगळी शिजवण्याच्या फंदात पडू नका. आम्ही चार-पाच भाज्या रीतसर करतो आणि उरलेल्यांची बोटभर फोड किंवा एकेक पान घेऊन, तीळकूट घालून, एकाच पातेल्यात मिसळभाजी करतो. सुरण आधी चिंचेच्या पाण्यात उकडून घ्या, नाहीतर प्रसाद घेणाऱ्यांचे घसे खाजतील.

अ-१०२, दुपारी १२.०५
आमच्या मागच्या अंगणात शेवग्याला फुले आली आहेत. मूठभर फुले आणि थोडा पाला संध्याकाळी पाठवतो. दोन्ही वेगवेगळे मोजावेत.

ब-२०४, दुपारी १२.१५
काका, मनापासून आभार. केळफूल आणि आपली दोन धरून ४०, आणि क-५०१ यांची तीन धरून ४३ झाल्या. करडईचा पाला कोणाला कोठे दिसला, तर कृपया इथेच कळवावे.