कॅट फाइली जोडते, सांधते की ओवते?

रफार : आज्ञा-ओळीवरून, म्हणजे आज्ञा टाइप करून, मजकुराच्या फाइली कशा हाताळाव्यात, याविषयीची एक छोटी पुस्तिका मराठीत आणताना मी पहिल्याच पानावर अडलो आहे. ‘कॅट’ या आज्ञेच्या मदतपानावर तिचे काम एका ओळीत सांगितलेले असते: फाइली ‘कॉन्कॅटिनेट’ करून प्रमाण आउटपुटवर (एरवी पडद्यावर) ‘प्रिंट’ करणे. मी सरळ ‘फाइली जोडणे’ असे लिहिले होते. मसुदा तपासणाऱ्या सहकाऱ्याने शेरा मारला, की फाइल ईमेलला ‘जोडतात’, त्यामुळे वाचकाला वेगळेच काही वाटेल. शेरा वाजवी आहे, परंतु त्याने सुचवलेले ‘शृंखलन’ माझ्या घशाखाली उतरत नाही. आपण काय वापराल?

उकार : घशाखाली उतरत नसले तरी ते अचूक आहे. ‘कॉन्कॅटिनेट’च्या मुळाशी लॅटिन ‘कतेना’ म्हणजे साखळी आहे, आणि आपली साखळीही ‘शृंखला’पासूनच आलेली. युनिक्स या संगणक-प्रणालीच्या १९७१ सालच्या पहिल्या पुस्तिकेतही ही आज्ञा आहे. म्हणजे पन्नासहून अधिक वर्षे झाली, तरी आपण तिला नाव देऊ शकलेलो नाही. आणि ‘धारिका’ असा सुटसुटीत शब्द हाताशी असताना ‘फाइल’ कशासाठी?

जुना टंकलेखक : धारिका म्हणजे फाइल की फोल्डर, यावर मी दोन शहाण्या माणसांना तासभर भांडताना पाहिले आहे, त्यामुळे तो विषय नको. साखळीची उपमा मात्र मुळातच पटत नाही. साखळीत प्रत्येक कडी वेगळी दिसते. कॅटच्या आउटपुटमध्ये सांधा कुठे आहे, हे दिसतच नाही. मी एकदा एका लेखाचे भाग असे एकत्र केले होते. पहिल्या फाइलची शेवटची ओळ ‘समाप्त’ अशी होती आणि तिच्यापुढे एंटर दाबायचे राहून गेले होते. दुसरी फाइल ‘प्रकरण २’ या शब्दांनी सुरू होत होती. हाती आले ते ‘समाप्तप्रकरण २’. कॅट दोन फाइलींमध्ये स्वतःहून काहीही घालत नाही, साधी नवी ओळसुद्धा नाही.

पदच्छेद : हा तर चक्क संधी झाला! पाणिनी वर्णांच्या अतिशय जवळिकीला ‘संहिता’ म्हणतो, आणि मजकुरालाही आपण संहिताच म्हणतो. तेव्हा ‘संहित करणे’ असे क्रियापद का वापरू नये?

जुना टंकलेखक : कारण ते वाचून कोणीही ती आज्ञा चालवणार नाही. शिवाय संधीत वर्ण बदलतात. कॅट एक बाइटही बदलत नाही. आपले ‘समाप्तप्रकरण’ व्याकरणाने जुळलेले नाही, नुसते एकमेकांवर आदळलेले आहे.

वेलांटी : शब्द निवडताना शेजारच्या आज्ञांकडेही पाहायला हवे, नाहीतर पुढच्या पानांवर पंचाईत होते. ‘पेस्ट’ दोन फाइलींच्या ओळी शेजारी-शेजारी लावते. तिला ‘डकवणे’ चालेल. ‘जॉइन’ समान रकाना पाहून ओळींच्या जोड्या जुळवते आणि त्यासाठी दोन्ही फाइली आधी त्या रकान्यानुसार क्रमाने लावलेल्या असाव्या लागतात. ‘जोडणे’ तिच्यासाठीच राखून ठेवावे लागेल. उरली कॅट. मला ‘ओवणे’ आवडते, कारण मणी ज्या क्रमाने उचलाल त्याच क्रमाने माळ होते, आणि इथे क्रमच सर्वांत महत्त्वाचा आहे. ओळी शेवटाकडून सुरुवातीकडे दाखवणाऱ्या आज्ञेचे नाव ‘कॅट’ उलटे करून ‘टॅक’ ठेवले आहे. तिथे मात्र ‘ओवणे’ उलटे लिहायला मला सांगू नका.

रफार : ‘ओवणे’ गोड आहे, परंतु एकच फाइल पाहायला कॅट चालवली तर काय ओवले म्हणायचे? बहुतेक लोक ती त्यासाठीच तर वापरतात.

उकार : तो वापराचा दोष आहे, शब्दाचा नव्हे. लांबलचक फाइल पाहायची असेल तर ‘लेस’ वापरावी. ती पानापानाने थांबते, मागे जाऊ देते आणि शोधही घेऊ देते. कॅट सगळा मजकूर एका दमात पडद्यावर ओतून मोकळी होते.

वेलांटी : ‘ओतणे’! नकळत आपणच शब्द दिलात. ‘प्रिंट’चे ‘छापणे’ केले, तर वाचक कागद शोधू लागेल. युनिक्सच्या आरंभी आउटपुट टेलिटाइपच्या कागदावर खरोखरच उमटत असे, म्हणून तो शब्द पडला. ‘दाखवणे’ही नेहमी बरोबर ठरत नाही, कारण आउटपुट दुसऱ्या फाइलीत वळवले, तर पडद्यावर काहीच दिसत नाही.

जुना टंकलेखक : वळवण्याचा विषय निघालाच आहे, तर पुस्तिकेत एक इशारा ठळक अक्षरांत टाकावा. ‘कॅट पहिली दुसरी > पहिली’ असे मी एकदा लिहिले. दुसरीतला मजकूर पहिलीच्या शेवटी लागेल, ही माझी अपेक्षा. परंतु कॅट सुरू होण्याआधीच शेल (टाइप केलेल्या आज्ञा वाचून चालवणारा प्रोग्राम) बाणापुढची ‘पहिली’ रिकामी करतो, त्यामुळे माझा महिनाभराचा मजकूर गेला. तिथे दुहेरी बाण (>>) द्यायचा असतो आणि फक्त ‘दुसरी’ वाचायची असते. माझ्या मते ‘जोडणे’ हा शब्द खरा त्या दुहेरी बाणाला शोभतो.

वेलांटी : मग जॉइनला काय उरले?

पदच्छेद : ‘जुळवणे’. आणि क्रमाचा उल्लेख झाला म्हणून सांगतो: ‘कोणतेही नाव’ असा अर्थ असलेले तारांकन (*) वापरून बारा प्रकरणे एकदम ओवाल, तर शेल नावे आकड्यांच्या किमतीने लावत नाही. १ नंतर १०, ११, १२ येतात आणि मग २. प्रकरणांना ०१, ०२ असे क्रमांक द्यावेत.

रफार : क्रमांक बदलले, आभारी आहे. शब्द मात्र अजून ठरलेला नाही. तूर्तास ‘फाइली एकापुढे एक लावून मजकूर ओतणे’ असे लिहून ठेवतो.

उकार : ‘फाइली’ नव्हे, ‘फायली’. मूळ शब्द परका असला, तरी अनेकवचन मराठी वळणाने व्हायला हवे.

जुना टंकलेखक : आणि आतापर्यंत धारिकेचा आग्रह कोण धरत होते?