मदत हवी आहे: मृगाच्या आत मागची खोली रिकामी करायची आहे, सासूबाई एकही वस्तू हलू देत नाहीत

दारव्ह्याची_सून

नमस्कार मंडळी. पहिल्यांदाच धागा काढतेय, लांब झाला तर सांभाळून घ्या.

आम्ही दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो. समोरच्या दोन खोल्या स्लॅबच्या आणि मागं मामाजींच्या (सासऱ्यांच्या) वडिलांच्या वेळची मातीच्या भिंतींची मोठी खोली, वर सागवानी मयाली (तुळया) आणि कवेलू (कौलं). मामाजी मागच्या दिवाळीआधी गेले. दर उन्हाळ्यात माणूस लावून कवेलू फेरून घ्यायचं काम त्यांचं होतं, मागच्या उन्हाळ्यात ते आजारी होते म्हणून राहून गेलं आणि पावसाळ्यात एका कोपऱ्यातली भिंत फुगली. मिस्त्री पाहून गेला, म्हणतो मृगाच्या आत खोली खाली करून द्या, भिंत उतरवून वर टिनं टाकू, नाहीतर यंदा ही बसते. म्हणजे हातात दोन-सव्वादोन महिने, आणि त्या खोलीत पाय ठेवायला जागा नाही.

काय काय आहे ते सांगते म्हणजे अंदाज येईल. ज्वारी भरायच्या दोन कणग्या, रिकाम्या, कारण आमच्याकडं ज्वारी पेरणं बंद होऊन किती वर्षं झाली, आता सगळं सोयाबीन, कापूस आणि तूर. बारदान्याची थप्पी माझ्या खांद्याएवढी. पितळेचे गुंड (पाण्याचे हंडे), घंगाळ, परातीएवढा कोपर, जर्मनचे मोठमोठे गंज (पातेली). तिफन, दोन डवरे, वखराची पास, जू, पोळ्याच्या झुली आणि मठाट्या, बैल विकून सहा वर्षं झाली तरी. बाहेर पडवीला बंडी (बैलगाडी) टेकवलेली आहे ती वेगळीच. वर माळ्यावर चौदा वाकळा. दोन लोखंडी पेट्या भरून कागद. आणि एका कोनाड्यात फवारणीच्या औषधाच्या बाटल्या आणि डबे, काहींवर लेबलसुद्धा राहिलं नाही.

मला स्वच्छतेचं वेड म्हणून हे चाललेलं नाही हो. मागच्या महिन्यात बारदान्यामागून मण्यार निघाला. पोत्यात उंदीर झाले की त्यांच्यामागं साप येणारच, आणि माझी मुलगी सहा वर्षांची आहे, उन्हाळ्यात आम्ही सगळे खालीच अंथरूण टाकतो. तेव्हापासून मला रात्री झोप नाही.

पण आई (सासूबाई) काही हलू देत नाहीत. एक पोतं उचललं की म्हणतात, "काऊन वं, ते कायले नेतं? लागते कधी ना कधी." सुरुवातीला मला राग यायचा, आता येत नाही. बहात्तरच्या दुष्काळात त्या दहा-अकरा वर्षांच्या होत्या, मिलो ज्वारीच्या लाल भाकरी खाल्ल्याचं त्या अजून सांगतात, कणगी झाडून झाडून शेवटचं सूपभर दाणे काढलेलं त्यांनी डोळ्यानं पाहिलंय. त्या माणसाला रिकामी कणगी फेक म्हणायचं म्हणजे काय म्हणायचं?

आता खरी गोष्ट सांगते, जिच्यामुळं हा धागा काढला. होळीच्या नंतर एक दिवस आई लग्नाला गेल्या होत्या तेव्हा ह्यांनी दोन गुंड आणि घंगाळ कबाड्याला देऊन टाकलं. मी घरीच होते, मी अडवलं नाही, मलाही वाटलं एकदा निघालं की निघालं. आई परत आल्या, संध्याकाळी मागं गेल्या आणि खूप वेळ बाहेरच आल्या नाहीत. मी पाहायला गेले तर जिथं गुंड असायचे तिथं मातीवर गोल वण उमटले होते आणि त्या त्या वणांवर हात ठेवून बसल्या होत्या. रडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "ते भांडं माह्यं नव्हतं वं. माह्या मायचं होतं. माह्याजवळ ठेवाले देल्लं होतं." दोन दिवस जेवल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी हे गेले कबाड्याकडं. एक गुंड मिळाला, त्याचा तळ चेपून ठेवलेला होता, गाडीत जास्त माल मावावा म्हणून. दिलेल्या भावाच्या वर पैसे देऊन परत आणला. गळ्याजवळ ठिपक्या ठिपक्यांनी नाव कोरलंय, जागा पुरली नाही म्हणून शेवटचं अक्षर खालच्या ओळीत घेतलंय. घरात इतके वर्षं होता, मी रोज पाणी भरलं त्यानं नवी नवरी असताना, पण ते नाव मी कधी वाचलं नव्हतं. त्या दिवशी वाचलं. दुसरा गुंड आणि घंगाळ यवतमाळच्या गाडीत निघून गेलं होतं.

भासरे (ह्यांचे मोठे भाऊ) नागपूरला असतात, ते फोनवर सांगतात ट्रॅक्टर बोलवा आणि एका दिवसात मोकळं करा. त्यांना बोलायला सोपं आहे.

तर माझं विचारणं असं की ज्यांच्या घरी असं झालंय त्यांनी सुरुवात कुठून केली? आईंशी बोलू कसं, कारण आता माझ्यावर त्यांचा विश्वास राहिला नाही आणि तो मला परत पाहिजे, खोलीपेक्षा जास्त पाहिजे. शिवाय औषधाच्या बाटल्यांचं काय करायचं ते मला खरंच समजत नाही, नाल्यात ओतू नये एवढं कळतं. आणि पेट्यातले कागद, हे म्हणतात जाळून टाकू, उधळी (वाळवी) लागली आहे.

काळी_माती

ताई, बाकी सगळं राहू द्या, आधी तो कोनाडा. आणि तुम्ही हात लावू नका, पोरीला त्या खोलीत जाऊच देऊ नका. मी वीस वर्षं कापूस करून राहिलो म्हणून सांगतो. जुन्या घरात हमखास सापडते ते म्हणजे बीएचसीची पांढरी भुकटी, लोक गॅमॅक्झिन म्हणायचे, धान्यालासुद्धा लावायचे, तिच्यावर 1997 पासून बंदी आहे. दुसरं एंडोसल्फान, ते सुप्रीम कोर्टानं 2011 मध्ये बंद केलं. तुमच्याकडं हेच असेल असं नाही पण लेबल नाही म्हणजे ते सगळ्यात वाईट आहे असंच समजून चालायचं. 2017 चा हंगाम आपल्या यवतमाळ जिल्ह्यानं पाहिला आहे, फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या वर माणसं गेली, तेव्हा उरलंसुरलं वापरून टाकू हा विचार कोणी करू नये.

करायचं असं, भाऊजींना रबरी हातमोजे, तोंडाला फडकं आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून सगळ्या बाटल्या उभ्याच्या उभ्या एका मोठ्या प्लास्टिक टबात ठेवायला सांगा, टबात खाली कोरडी माती किंवा रेती पसरा म्हणजे गळलं तर शोषून घेईल. हलवून पाहू नका, वास घेऊ नका, एकातलं दुसऱ्यात ओतू नका. टब कुलपात ठेवा, विहीर आणि कोठ्यापासून दूर. मग कृषी सहायकाला फोन लावा आणि ज्या कृषी केंद्रातून तुम्ही माल घेता त्यालाही विचारा, मागं लागावं लागते, एका फोननं होत नाही. जाळायचं नाही, पुरायचंही नाही आपल्या मनानं. कबाड्याला रिकामे डबे तर बिलकुल देऊ नका, तेच डबे धुऊन कोणाच्या घरी तेलाले-पाण्याले जातात. पुढच्या हंगामापासून बाटली रिकामी झाली की तीनदा पाण्यानं विसळून ते पाणी पंपातच घाला आणि बाटलीला भोक पाडा.

आणि मण्यारचं म्हणाल तर बारदाना उचलताना हात घालू नका. लांब काठीनं वरचं पोतं ओढा, पायात बूट, भर दिवसा. उंदराची बिळं असली तर त्यात बोटसुद्धा नाही.

एक_नागपूरकर

भासरे बरोबर बोलून राहिले. भावनेत अडकाल तर भिंत पोरीच्या अंगावर पडेल. म्हाताऱ्या माणसाला चार दिवस वाईट वाटते, मग विसरते.

मास्तरकाका

नागपूरकर, नाही विसरत. माझी आई गेली तोवर जात्याची आठवण काढत होती.

सूनबाई, कागद जाळू नका हो, हात जोडून सांगतो. मी शाळेत आयुष्य काढलं, दाखल-खारीजच्या एका नकलेसाठी लोक दोन-दोन जिल्हे फिरताना पाहिले. तुमची मुलगी सहा वर्षांची आहे, उद्या तिला कॉलेजात जात पडताळणी लागली तर आजोबा-पणजोबांच्या जातीची नोंद असलेला जुना पुरावा मागतील. एससीसाठी 10 ऑगस्ट 1950, एसटीसाठी 6 सप्टेंबर 1950, व्हीजेएनटीसाठी (विमुक्त जाती, भटक्या जमाती) 21 नोव्हेंबर 1961 आणि ओबीसीसाठी 13 ऑक्टोबर 1967, ह्या तारखांच्या आधीचा कागद असला तर अर्धं काम झालं. म्हणून पेटीत शाळेचा दाखला, कोतवाल बुकाची (गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीची) नक्कल, 1954-55 चा अधिकार अभिलेख, खरेदीखत, वाटणीपत्र, जुने फेरफार असं काही निघालं तर ते सोन्यासारखं. 1956 पर्यंत आपण मध्य प्रदेशात होतो, त्यामुळं काही कागद हिंदीत असतील, एखादा मोडीतही निघेल, वाचता येत नाही म्हणून टाकू नका.

कर्जाचे कागद पाहताना सातबाऱ्यावरचा बोजा उतरलाय का ते आधी पहा, उतरला नसेल तर बँकेचा नाहीतर सोसायटीचा निल दाखला (कर्ज बाकी नसल्याचा) जपून ठेवा. मामाजी गेले तर वारसाचा फेरफार झाला का तेही बघून घ्या. जाऊ शकतं ते म्हणजे खताची बिलं, बियाण्याच्या पावत्या, जुनी वीजबिलं भरलेली असली तर, आणि अलीकडचे सातबाऱ्याचे प्रिंट, ते आता ऑनलाइन डिजिटल सहीचे केव्हाही निघतात. उधळी लागलेले कागद उन्हात नाही, सावलीत वाऱ्यावर पसरवा, मऊ ब्रशनं झटका, मोबाईलवर फोटो काढा आणि कापडात बांधून स्टीलच्या डब्यात ठेवा. लॅमिनेशन करू नका, मूळ कागद कायमचा खराब होतो.

पऱ्हाटी

ताई तुझा गुंडाचा भाग वाचून मी दहा मिनिटं काही लिहू शकले नाही.

दर्यापूरला आमच्या सासरी हेच झालं होतं चार वर्षांआधी. मी काय केलं ते सांगते, पटलं तर कर. आधी जाऊन सरळ माफी माग, "ह्यांनी विकलं" असं म्हणू नको, तू घरी होतीस हे तूच लिहिलंस. मग खोलीचं नाव काढू नको काही दिवस. मग एक दिवस फक्त भांडी, बाहेर अंगणात काढ, चिंच आणि राख घे आणि त्यांच्यासोबत घासायला बस. घासता घासता त्या आपोआप सांगतात हे कोणाचं, हे कोणत्या लग्नातलं. ज्याच्यावर नाव आहे ते मोडीत जायचं नाही हे आधीच सांगून टाक. नावाचं भांडं कोणाला द्यायचं ते त्यांना ठरवू दे आणि त्यांच्या हातून दे, लेकीला, नातीला. माझ्या सासूबाईंनी अकरा भांडी अशी स्वतः वाटली आणि आम्ही जी मागितलीसुद्धा नव्हती ती बिननावाची मोठी भांडी त्या स्वतःहून म्हणाल्या बचत गटाला द्या, आता गावात पंगत असली की बिछायत केंद्रातून आणावी लागत नाहीत.

विकायचंच असेल तर गावातल्या धान्याच्या काट्यावर आधी स्वतः वजन कर आणि कासं वेगळं काढ, पितळेच्या भावात जाऊ देऊ नको, त्याचा भाव जास्त असतो. वाजवून पाहिलं की कळतं, कास्याचा आवाज लांबत राहतो. आणि मयाली सागवानाच्या आहेत म्हणतेस, मिस्त्रीला आधीच सांग भिंत उतरवताना कापू नको, नाहीतर जळतणाच्या भावात निघून जातात.

वाकळा चैत्रातल्या उन्हात दोन दिवस टाक, मग कोणती धड आहे ते कळेल. वीटभट्टीवर लेकरं घेऊन आलेल्या बाया असतात, धड असलेल्या त्यांना दे, थंडीत त्यांच्या कामी येतात.

दारव्ह्याची_सून

उशीर झाला, तीन आठवडे झाले धागा काढून. सगळ्यांचे मनापासून आभार.

नागपूरकर दादा, तुमची भिंतीची काळजी खरी आहे, म्हणून मुलीचं अंथरूण समोरच्या खोलीत पलंगावर नेलं आणि मागच्या दाराला कडी घातली. पण आईंना न विचारता काही करणार नाही, एकदा करून पाहिलं.

औषधं टबात भरून कुलपात आहेत, एका डब्यात भुकटीच निघाली. कृषी सहायकाला दोनदा भेटून आलो, तिसऱ्यांदा जाणार आहोत. कागद मी आणि माझी मुलगी रोज दुपारी तासभर निवडतो, पणजोबांचा चौथीचा दाखला सापडला, 1949 चा, घडीवर फाटलाय पण नाव आणि जात स्पष्ट आहे.

पऱ्हाटी ताई, माफी मागितली. आई काही बोलल्या नाहीत. दोन दिवसांनी सकाळी स्वतःच चिंच भिजत घालून मला हाक मारली. चेपलेला गुंड त्यांनी आधी घेतला. मी म्हटलं आई, दिग्रसला नेऊन तळ सरळ करून आणू का, तर म्हणाल्या, "राहू दे. तुह्या पोरीले दे तं सांगजो, असा काऊन झाला ते." बाकी भांडी त्यांनी तीन ढिगांत लावली, एक ननंदबाईंचा, एक नातीचा, एक बचत गटाचा. कबाड्याला फक्त फुटके जर्मनचे गंज गेले, तेही त्यांनी स्वतः मोजून दिले. बारदाना ह्यांनी काठीनं ओढून काढला, धड पोती सोयाबीनसाठी ठेवली, कुरतडलेली गेली. मण्यार दिसला नाही पण कात सापडली.

कणग्यांचं आई म्हणतात एक ठेवा, रिकामी नका ठेवू, त्यात पायलीभर ज्वारी घाला. तर ती समोरच्या खोलीत आणायची असं ठरवलंय, जागा होते कोपऱ्यात.

बंडी तेवढी राहिली. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे शेकून "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या" म्हणायचा मान मामाजींचा होता, आणि आई म्हणतात बंडी गेली तर ते दार ओळखू येणार नाही त्यांना. पावसात भिजून चाकांच्या लोखंडी धावा सैल झाल्यात, लाकूड अजून चांगलं आहे. कोणी जुन्या बंडीच्या लाकडाचा दिवाण किंवा बाकडं करून घेतलं असेल तर फोटो टाकाल का, आईंना दाखवते. बुधवारी ननंदबाई येतात, तेव्हा माळ्यावरच्या वाकळा काढणार आहोत.