मदत हवी आहे: गाळपेर जमीन, मेंढ्यांचा वाडा आणि पुनर्वसित गाव. पाणी उतरायच्या आत समेट कसा घडवावा?

नमस्कार मंडळी,

मी करमाळा तालुक्यात, उजनीच्या फुगवट्याकाठच्या एका पुनर्वसित गावात राहते. ग्रामपंचायतीत सदस्य आहे, पहिलीच वेळ. गावाचं नाव मुद्दाम देत नाही, प्रकरण अजून निवलेलं नाही. मला तीन बाजूंची माणसं एका सतरंजीवर बसवायची आहेत. कुणी बोलवायचं, कुठं बसायचं, काय ठरवायचं, हे ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी कृपया सांगावं.

बाहेरच्यांसाठी आधी जागा सांगते. उजनी धरण १९८० साली पूर्ण झालं. एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट), त्यातला ६३ टीएमसीच्या वर मृतसाठा. त्यामुळं आमच्याकडं धरण 'उणे'मध्ये जातं, म्हणजे मृतसाठाही वापरात येतो. २०२४ च्या उन्हाळ्यात ते उणे ६० टक्क्यांच्या आसपास गेलं होतं. पाणी मागं सरकलं की काळीभोर ओली जमीन उघडी पडते, ती गाळपेर. पलीकडच्या काठाला पळसदेव गावचं जुनं देऊळ वर येतं, लोक बघायला येतात. आमच्या घरातली म्हातारी माणसं मात्र आपलं शेत नेमकं कुठं होतं ते बोटानं दाखवत बसतात.

ही गाळपेर एकसाली भाडेपट्ट्यानं मिळते आणि तिच्यावर पहिला हक्क धरणग्रस्तांचा, असा नियम. प्रत्यक्षात ज्याची मोटार आणि पाइप तिथवर पोचतो तो पेरतो. आमच्या शेजारी एक मूळ गाव आहे, त्यांची जमीन उंचावर असल्यामुळं वाचली. त्यांच्याकडं ऊस आणि केळी, आमच्याकडं पुनर्वसनात आलेला मुरमाड तुकडा. त्यांच्यात आणि आमच्यात चाळीस वर्षांची धुसफूस आहे. लग्नाला एकमेकांकडं जातो, पण बांधावर बोलत नाही.

तिसरी बाजू मेंढपाळांची. दरवर्षी शिवरात्रीच्या सुमारास माण-सांगोल्याकडचे दोन-तीन वाडे, म्हणजे कळपासोबत फिरणाऱ्या कुटुंबांचे तळ, येतात. घोड्यावर बिऱ्हाड, कोंबड्या, कोकरं, सगळं सोबत. मूळ गावातले शेतकरी त्यांना खतासाठी शेतात बसवतात, रात्रीच्या हिशोबानं धान्य किंवा पैसे देतात. दिवसा मेंढ्या चरायच्या कुठं? बागायतदार म्हणतात, "जावा की खाली, ती सरकारी जमीन हाय." खाली आमच्या लोकांनी पेरलेलं असतं.

गेल्या मार्चमध्ये तेच झालं. आमच्या एका चुलत्यांनी गाळपेरीत कडवळ (चाऱ्याची ज्वारी) केलं होतं, एक कापणी होऊन खोडवा फुटलेला, गुडघ्याएवढासुद्धा नव्हता. पहाटे मेंढ्या त्यात शिरल्या. पोरांनी सगळा कळप हाकत आणून गोठ्यात कोंडला आणि वीस हजार मागितले. तेवढ्यात मेंढ्या पडायला लागल्या. दुपारपर्यंत नऊ गेल्या. वाड्यातले म्हणाले, तुम्ही पाण्यातून औषध घातलं. आमचे म्हणाले, आम्ही पाणी दाखवलंच नाही. मग काठ्या निघाल्या. कुणीतरी विळ्यानं त्यांची वाघर (मुक्कामाभोवती लावतात ती जाळी) फाडली, आमच्या एका पोराचं डोकं फुटलं, दोन्हीकडून तक्रारी झाल्या. संध्याकाळी जनावरांचे डॉक्टर आले. ते म्हणाले, ही ज्वारीची किराळ लागलीय, कोवळ्या फुटव्यातलं विष. पण तोवर ऐकण्याच्या मनःस्थितीत कुणीच नव्हतं.

मी तिथं होते. वाड्यातली एक बाई मेलेल्या मेंढीच्या गळ्यातली घंटी सोडवत होती. गाठ सुटेना, तिनं दातानं सोडवली आणि घंटी पदरात बांधली. शेजारी त्या मेंढीचं कोकरू थंड झालेल्या आचळाला ढुशा देत होतं. तिनं त्याला उचलून दुसऱ्या मेंढीला लावलं. ती मेंढी लाथ मारी, ही परत लावी.

तीन दिवसांनी मी पीठ आणि गूळ घेऊन वाड्यावर गेले. आमच्या लोकांना ते आवडलं नाही. तिथं एक वयस्कर मामा होते. त्यांनी विचारलं, कुठली गं तू? मी गावाचं नाव सांगितलं. ते म्हणाले, "ह्ये नव्हं, पाण्यातलं सांग." पाण्यातलं सांगितल्यावर त्यांनी आमच्या जुन्या गावातला वेशीचा मारुती सांगितला, पाटलाची विहीर सांगितली, नदीचा उतार सांगितला, जिथून त्यांचे वडील कळप पार करायचे. माझ्या आजोबांच्या शेतात त्यांच्या मेंढ्या बसायच्या, रात्रीला ज्वारी मिळायची. मग म्हणाले, "तुमाला जागा तरी दिली. आमची वाट पाण्यात गेली, तिची नोंद कुठं व्हती?"

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. आम्ही स्वतःला धरणग्रस्त म्हणतो, कागदावर आहोतही. वाटेवर चालणाऱ्यांचं काय बुडालं ते कुणी मोजलं नाही, आम्हीसुद्धा नाही.

आता माझी अडचण. आमच्याकडं तंटामुक्त समिती आहे, पण ती आमच्या गावची. मेंढपाळ म्हणतात, तुमचीच माणसं, तुमचाच न्याय. मूळ गावाचे पुढारी म्हणतात, आमचा संबंध काय, भांडण तुमचं नि त्यांचं. खरं तर वाडा त्यांनीच बोलावला होता. आमची तरुण पोरं म्हणतात, या वर्षी वाडा उतरूच द्यायचा नाही. संक्रांत तोंडावर आलीय, हातात फार तर दोन महिने आहेत. पिकाची नुकसानी कशी ठरवावी? मेलेल्या मेंढ्यांचा विषय काढावा की सोडून द्यावा? आणि मी बाई, त्यात एका बाजूची. मी बोलावलं तर येतील का?

प्रतिसाद (सांगोला तालुक्यातून)

ताई, मी मेंढपाळाच्याच घरचा. आई-वडील अजून वाड्याबरोबर असतात, मी नोकरीला आहे. वाडा उतरल्यावर बैठक घेऊ नका. तेव्हा माणूस दमलेला असतो, मेंढरं उपाशी असतात, 'हो' म्हणावंच लागतं आणि असलं 'हो' टिकत नाही. आत्ताच त्यांच्या गावी जा. प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी मागं गावात असतं, त्यांच्याकडून फोन लावून घ्या. वाडा कुठल्या वाटेनं जायचा ते ठरवणारा एक जाणता असतो, त्याच्याशी आधी बोला. पण वाड्यातल्या बायकांना विसरू नका. कोकरं, मुक्काम, पैका, सगळं त्या बघतात. बाप्यांनी ठरवलं आणि बायकांना पटलं नाही तर दुसऱ्या दिवशी बिऱ्हाड हलतं.

मेलेल्या मेंढ्यांचा विषय पहिला काढा. तो सोडून पुढं गेलात तर समोरचा नुसती मान हलवेल. पैसे मागतील असं नाही, पण "तुमची नऊ मेंढरं गेली" एवढं कुणीतरी तोंडानं म्हणायला पाहिजे. आणि फाडलेली वाघर भरून द्या. वाघर म्हणजे आमची भिंत असते, तिच्या आत पोरंबाळं झोपतात.

प्रतिसाद (पशुवैद्यक, मंगळवेढा)

किराळीबद्दल लिहितो, कारण यावरून दरवर्षी कुठं ना कुठं मारामारी होते. ज्वारीच्या कोवळ्या फुटव्यात, विशेषतः कापणीनंतरच्या खोडव्यात आणि पाण्याचा ताण बसलेल्या पिकात, असं द्रव्य असतं की पोटात गेल्यावर त्याचं सायनाइड होतं. उपाशी कळप एकदम शिरला की काही मिनिटांत ते काही तासांत लक्षणं दिसतात: धाप लागते, तोंडाला फेस येतो, जनावर थरथरतं, आडवं होतं. बघणाऱ्याला विष घातल्यासारखंच वाटणार, कारण ते विषच असतं, फक्त माणसानं घातलेलं नसतं. लगेच डॉक्टर पोचले तर इंजेक्शननं जनावर वाचू शकतं. पीक फुलोऱ्यात आलं की धोका बराच कमी होतो.

बैठकीत दोन गोष्टी ठरवून घ्या. कडवळाचा खोडवा ज्या तुकड्यात आहे तिथं काठीला लाल फडकं लावायचं. आणि जनावर मेलं तर शवविच्छेदन झाल्याशिवाय कुणी कुणावर आळ घ्यायचा नाही. तुमच्याकडं तो कागद असता तर निम्मं भांडण झालंच नसतं. पोरांनी कळप कोंडला तिथंही अडचण आहे, विष भिनत असताना जनावरं गोठ्यात अडकली आणि डॉक्टरला फोन करायला कुणी मोकळं राहिलं नाही.

प्रतिसाद (पंढरपूर भागातून)

सगळे मेंढपाळांच्याच बाजूनं लिहिताय म्हणून लिहितो. माझा दोन एकर हरभरा एका रात्रीत गेला, घाट्यावर आलेला. सकाळी वाडा पुढच्या गावाला. कुणाच्या मागं जायचं? शेतकरी काय दरवर्षी सोसतच राहणार? समेट म्हणजे शेतकऱ्यानं गप्प बसणं असेल तर मला तो नको.

प्रतिसाद (महसूल खात्यातून निवृत्त)

वरच्या भावांचं दुःख खरं आहे, आणि त्याला जुना कायदा आहे. १८७१ चा गुरे अतिक्रमण कायदा. त्यात गुरं म्हणजे मेंढ्या-शेळ्याही येतात. पिकाचं नुकसान करणारी जनावरं शेतकरी धरू शकतो, पण २४ तासांच्या आत ती कोंडवाड्यात पाठवावी लागतात. स्वतःच्या गोठ्यात डांबून आपल्या मनानं रक्कम मागता येत नाही. बेकायदा धरली असं वाटलं तर मेंढपाळ दहा दिवसांच्या आत मॅजिस्ट्रेटकडं तक्रार करू शकतो. हे दोन्ही बाजूंना बैठकीतच वाचून दाखवा. पोरांना आपण बरोबर केलं असं वाटत असतं, कारण कुणी सांगितलेलंच नसतं.

तंटामुक्त गाव मोहीम १५ ऑगस्ट २००७ ला सुरू झाली ती गावातल्या गावात तंटे मिटावेत म्हणून. तुमच्या वादात एक पक्ष फिरता आहे, त्यामुळं नुसती तुमची समिती पुरणार नाही. दोन्ही गावांच्या समित्यांमधले दोन-दोन आणि वाड्याकडचे दोघं घ्या. नुकसान मोजायला कुठल्याच गावचा नसलेला शेतकरी आणा, सकाळीच, पाऊलखुणा ताज्या असताना. पोलिसांतल्या तक्रारींचं म्हणाल तर साध्या दुखापतीचा गुन्हा तडजोडीनं मिटू शकतो, कलम मोठं असेल तर नाही. कलमं बघून घ्या, बैठकीत खोटी आशा देऊ नका.

आणि मूळ गावाला बाहेर राहू देऊ नका. वाडा ज्यानं बसवला त्यानं दिवसाच्या चराईची जागाही दाखवायची, हे कलम पहिलं हवं.

धागाकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. चार दिवस लिहिलं नाही, कारण सांगोल्याच्या दादांनी सांगितलं तसं खरंच गेले होते. आमच्या चुलत्यांना बरोबर नेलं. ते यायला तयार नव्हते. मी डॉक्टरांचा प्रतिसाद त्यांना मोठ्यानं वाचून दाखवला. बराच वेळ ते गप्प बसले आणि म्हणाले, "म्हंजे माझ्याच कडवळानं मेली की." मग आपणच गाडीत बसले.

मामा घरी होते, गुडघा दुखतोय म्हणून या वर्षी वाड्याबरोबर नाहीत. मुलगा आणि सून वाड्यावर आहेत. चुलत्यांनी जाताना नवी वाघर नेली होती, करमाळ्याच्या बाजारातून घेतलेली. मामांनी ती उलगडली, गाठी बोटांनी चाचपल्या आणि म्हणाले, सूत बरं हाय. मेंढ्यांचं चुलत्यांनीच काढलं. पैशांचा विषय मामांनी थांबवला. पण म्हणाले, सुनंला इचारा, कळप तिचा हाय. सुनेशी मी फोनवर बोलले. तिची एकच अट: आमच्या पोरांनी परत कळप कोंडायचा नाही, आधी हाक मारायची.

पंढरपूरच्या भाऊ, तुमचं लिहिणं मी सोडून दिलेलं नाही. प्रत्येक वाड्याचा फोन नंबर आणि मुक्कामाच्या तारखा दोन्ही ग्रामपंचायतींत लिहून ठेवायच्या, असं मामांनी स्वतः मान्य केलंय, म्हणजे वाडा पुढं गेला तरी माणूस सापडेल.

मूळ गावचे अजून 'बघू' म्हणतायत. त्यांच्यातल्या दोन बागायतदारांच्या घरी उद्या जातेय, त्यांच्या बायका माझ्या बचत गटात आहेत. बैठक संक्रांतीनंतरच्या रविवारी, दोन्ही गावांच्या शिवेवरच्या लिंबाखाली. ना आमच्या देवळात, ना त्यांच्या.

एक विचारायचं राहिलं. गाळपेरीतून मेंढ्यांना पाण्यापर्यंत जायला वाट सोडायची तर किती रुंद सोडावी? चुलते म्हणतात दहा फूट, मामा म्हणतात त्यात मेंढरं पिकात घुसणारच. ज्यांच्याकडं अशी वाट सोडलेली आहे त्यांनी रविवारच्या आत कळवावं.