फुगा फुटल्यावर बाजार सावरायला इतकी वर्षं का लागतात?

कवडसा:
मंडळी, साधी मंदी आली तर दीड-दोन वर्षांत गाडी रुळावर येते, मग सट्ट्याने फुगलेला बाजार कोसळल्यावरच अर्थव्यवस्था इतकी रखडत का सावरते? जपानचा शेअर निर्देशांक निक्केई डिसेंबर १९८९ मध्ये ३८,९१५ वर होता, तो आकडा परत ओलांडायला फेब्रुवारी २०२४ उजाडलं, म्हणजे ३४ वर्षं! ऐन उमेदीत पैसे घातलेला माणूस तोवर रिटायर होतो. मग 'लाँग टर्म धरून बसा' या सल्ल्यात कितपत दम आहे? टिप नकोय, खरंच समजून घ्यायचंय.

सांजवेळ:
कर्ज. बाकी कारणं आहेत पण मुख्य हेच. शेअर आणि जमिनीचे भाव पडतात, त्यांच्या जोरावर काढलेलं कर्ज मात्र जिथल्या तिथे राहतं. बँक ऑफ जपान या तिथल्या मध्यवर्ती बँकेने १९८९-९० मध्ये व्याजदर अडीच टक्क्यांवरून सहावर नेला, आधी शेअर पडले मग जमीन, आणि त्यानंतर कंपन्या नफा कमवत होत्या तरी तो नवीन कारखान्यात न घालता वर्षानुवर्षं कर्जच फेडत बसल्या. रिचर्ड कू या अर्थतज्ज्ञाने याला ताळेबंदाची मंदी म्हटलंय. व्याज शून्यावर आणलं तरी कर्ज घ्यायला कोणी पुढे येईना. एकट्याने कर्ज फेडणं शहाणपणाचं, पण सगळेच एकदम फेडायला लागले तर खर्च करणार कोण? त्यात बँकांनी बुडीत कर्जं कबूल करायला उशीर केला, मेलेल्या कंपन्यांना पैसे देऊन जगवत ठेवलं. मला विचाराल तर खरी चूक हीच. अमेरिकेत २००८ च्या आर्थिक संकटानंतर बँकांचे तोटे लवकर बाहेर काढले गेले, भांडवल ओतलं गेलं आणि एसअँडपी ५०० या तिथल्या मोठ्या कंपन्यांच्या निर्देशांकाने २००७ चा उच्चांक २०१३ मध्ये ओलांडला.

आकडेमोड:
सांजवेळ यांच्याशी सहमत, पण अर्थव्यवस्था आणि शेअर बाजार वेगवेगळे बघा. नॅसडॅक हा अमेरिकेतला, टेक कंपन्यांचा भरणा असलेला निर्देशांक मार्च २००० मध्ये ५,०४८ होता, ऑक्टोबर २००२ मध्ये १,११४, आणि जुना आकडा गाठायला २०१५ लागलं. तेवढ्या काळात इंटरनेट तर घराघरात पोचलं! नेटवर्कची उपकरणं बनवणाऱ्या सिस्कोची विक्री नंतर दुपटीहून जास्त झाली तरी शेअरला २००० मधला शिखराचा भाव पुढची दोन दशकं दिसला नाही. धंदा वाढला, पण घेणाऱ्यांनी त्या वाढीचे पैसे आधीच मोजून टाकले होते.
आणि उलटंही होतं. मार्च २००९ मध्ये अमेरिकन बाजाराने तळ गाठला तेव्हा बेकारी वाढतच होती, ती १० टक्क्यांवर पोचली ऑक्टोबरमध्ये. त्यामुळे सगळं सुरळीत झाल्यावर घेऊ म्हणणाऱ्यांची बस चुकते.
३४ वर्षांचा आकडा शिखराच्या दिवशी सगळे पैसे एकदम घातलेल्याचा, तोही डिव्हिडंड न धरता. दरमहा थोडं थोडं घेणाऱ्याला २००३ आणि २००९ चे भावही मिळाले, २००९ मध्ये तर निक्केई ७,०५४ पर्यंत आला होता.

रानवाट:
दरमहा घेत राहा हे कागदावर ठीक आहे हो. पण बाजार तळाला असतो नेमकी तेव्हाच लोकांची नोकरी जाते, पगार थांबतो, घरखर्चासाठी पडत्या भावात शेअर विकावे लागतात. म्हणून आधी कर्ज कमी करा, वर्षभराचा खर्च बाजाराबाहेर ठेवा, मग हप्त्याचं बोला. हे सांगितल्याशिवाय कोणाला धरून बसा सांगणं मला पटत नाही.

कवडसा:
रानवाट, हे कोणीच बोलत नाही, आभार. आकडेमोड, भाव महाग आहे हे आधी कळतं का?

आकडेमोड:
रानवाट यांचा मुद्दा मान्य, तो आधी यायला हवा. भावाचं म्हणाल तर अर्थतज्ज्ञ रॉबर्ट शिलर यांचं गुणोत्तर बघा, महागाई वजा करून दहा वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किती पट भाव आहे ते. १९९९ च्या शेवटी अमेरिकेत ते ४४ च्या आसपास होतं. पण १९२९ च्या बाजार कोसळण्याआधीची पातळी त्याने १९९७ मध्येच ओलांडली होती आणि बाजार पुढे अडीच वर्षं चढतच राहिला. तेव्हा विकायचं कधी हे त्यातून कळत नाही, पुढच्या दहा वर्षांत परताव्याची अपेक्षा किती ठेवायची याचा अंदाज येतो.