मदत हवी आहे : सीआरएममधली कॉल स्क्रिप्ट लीडप्रमाणे बदलत नाही

सिंहगडरोडवाली | मंगळवार, सकाळी ११:०५

नमस्कार. जरा तातडीचं आहे. शनिवारी मोशीला प्रदर्शनात आमचा स्टॉल आहे, त्याआधी हे मार्गी लागायला हवं.

आमच्याकडे तीन जण लीडना, म्हणजे संभाव्य ग्राहकांना, फोन करतात. सीआरएममध्ये (ग्राहकांच्या नोंदी ठेवायच्या सॉफ्टवेअरमध्ये) लीड उघडलं की उजव्या बाजूला स्क्रिप्ट येते, ती बघत बोलायचं आणि उत्तरं तिथेच भरायची. मी बंगल्यासाठी एक, सोसायटीसाठी एक आणि दुकान-कारखान्यासाठी एक अशा तीन स्क्रिप्ट लिहिल्या, अटही घातली. तरी कुठलंही लीड उघडा, बंगल्याचीच स्क्रिप्ट येते. काल एका सोसायटीच्या सेक्रेटरींना आमच्या मुलीने विचारलं, "घरात माणसं किती?" ते म्हणाले, "१४० फ्लॅट आहेत, तुम्हीच मोजा," आणि फोन ठेवला.

व्हेंडरला तीन मेल केले, "टीम बघतेय" एवढंच उत्तर येतं. कोणी केलंय का हे? नक्की कुठे कस्टमाइज करायचं?

पर्वतीपायथा | ११:२०

कुठलं सॉफ्टवेअर? कुठला प्लॅन? अट कशावर घातली आहे? ॲडमिनचे अधिकार तुमच्याकडे आहेत की व्हेंडरकडे? आणि धंदा कसला? बंगला-सोसायटी म्हणजे सीसीटीव्हीही असू शकतं आणि पाण्याचा फिल्टरही.

सिंहगडरोडवाली | ११:३१

सोलर. गच्चीवरचे पॅनल. अट "प्रकार"वर घातली आहे. ॲडमिन मीच. सॉफ्टवेअर एका लहान कंपनीचं आहे, नाव सांगून कोणाला ओळखीचं वाटणार नाही.

चाळीस_वर्षं_विक्रीत | ११:४८

ताई, मी लक्ष्मी रोडवर दारोदार फिरून माल विकला आहे. वाचून बोलणारा माणूस दुसऱ्या वाक्याला ओळखू येतो. स्क्रिप्ट बंद करा. मुलींना दोन दिवस साइटवर न्या, पॅनल कसे बसतात, वायर कुठून उतरते, लोक काय शंका काढतात ते बघू द्या. मग त्या आपोआप बोलतील. कागद हवाच असेल तर चार मुद्दे लिहून टेबलावर चिकटवा.

विमाननगर_ऑपरेशन्स | १२:१०

काकांचा मान राखून सांगतो, हे प्रत्येक धंद्याला चालत नाही. माझ्या टीममध्ये मुलं चार-सहा महिन्यांत बदलतात. आज आलेल्या मुलाने उद्या फोन लावायचा असतो. स्क्रिप्ट नसेल तर तो मनाला येईल ते आश्वासन देतो आणि ते निस्तरायला मला बसावं लागतं.

धागाकर्तीला : झोहो सीआरएम बघा. त्यात लेआउट रूल असतात. एका फील्डमध्ये "सोसायटी" निवडलं की सोसायटीचेच प्रश्न खाली उघडतात, बाकीचे दिसतच नाहीत.

पर्वतीपायथा | १२:१४

शनिवारी प्रदर्शन आहे आणि तुम्ही मंगळवारी त्यांना सॉफ्टवेअर बदलायला सांगताय!

सिंहगडरोडवाली | १२:४०

सॉफ्टवेअर बदलणार नाही. वर्षाचे पैसे भरलेले आहेत.

काका, तुमचं म्हणणं पटतं. साइटवर नेतेच मी त्यांना. पण आमच्याकडे चुकीचं वाक्य महागात पडतं. पीएम सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये आली तेव्हापासून प्रत्येकाचा पहिला प्रश्न सबसिडीचा असतो. घराला २ किलोवॅटपर्यंत किलोवॅटमागे ३०,००० रुपये, ३ किंवा जास्त किलोवॅटला एकूण ७८,०००. सोसायटीच्या सामायिक मीटरला किलोवॅटमागे १८,०००. दुकान-कारखान्याला या योजनेत काहीच नाही. मागच्या आठवड्यात बंगल्याची स्क्रिप्ट उघडली म्हणून आमच्या मुलीने एका बेकरीवाल्यांना ७८,००० सांगितले. ते दुसऱ्या दिवशी कागदपत्रं घेऊन ऑफिसला आले. मला समोर बसवून नाही म्हणावं लागलं. त्या माणसाची अर्धी सकाळ वाया गेली, आणि चूक पूर्ण आमची होती.

म्हणून स्क्रिप्ट मला योग्यच हवी.

पर्वतीपायथा | १२:५२

आता कळलं. मग तीन गोष्टी सांगा.

"प्रकार" हे फील्ड ड्रॉपडाउन आहे की साधं टाइप करायचं? लीड कुठून कुठून येतात? आणि अटीत नेमकं काय लिहिलंय ते जसंच्या तसं इथे द्या.

नियमपालक | दुपारी १:०५

या सगळ्याआधी : फोन कुठल्या नंबरवरून करता? ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) २०१८ च्या नियमांनुसार जाहिरातीचे कॉल नोंदणी करून १४० ने सुरू होणाऱ्या क्रमांकांवरूनच करायचे असतात. साध्या दहा आकडी मोबाइलवरून केले आणि कोणी १९०९ वर तक्रार केली तर नंबर बंद होऊ शकतो. स्क्रिप्ट राहू द्या बाजूला, आधी हे करा.

विमाननगर_ऑपरेशन्स | १:१८

त्यांनी हे विचारलेलं नाही. शिवाय फॉर्म भरून स्वतः चौकशी केलेल्या माणसाला उलट फोन करणं आणि याद्या विकत घेऊन फोन करणं यात फरक आहे.

नियमपालक | १:२६

फरक आहे, मान्य. पण फॉर्मवर "आम्ही तुम्हाला फोन करू" असं स्पष्ट लिहिलेलं हवं आणि त्याची नोंद जपलेली हवी. प्रदर्शनात वहीत नंबर लिहून घेतात, तिथे ही ओळ कोणी लिहीत नाही. म्हणून सांगितलं.

सिंहगडरोडवाली | २:१५

हे बरं झालं, शनिवारच्या फॉर्मवर ती ओळ घालते. खरंच नव्हती.

पर्वतीपायथा : साधं टाइप करायचं फील्ड आहे. लीड वेबसाइटवरून, फेसबुकच्या जाहिरातीतून, जुन्या ग्राहकांच्या ओळखीतून आणि प्रदर्शनातून (ती एक्सेलमधून चढवतो). अट : प्रकार = सोसायटी असेल तर स्क्रिप्ट २, प्रकार = व्यवसाय असेल तर स्क्रिप्ट ३, नाहीतर स्क्रिप्ट १.

पर्वतीपायथा | २:२४

सापडलं बहुतेक. सगळी लीड एक्सेलमध्ये काढा, "प्रकार"च्या रकान्याला फिल्टर लावा आणि यादीत किती वेगवेगळे शब्द दिसतात ते सांगा.

सिंहगडरोडवाली | ३:१०

२३. सोसायटी हाच शब्द नऊ तऱ्हांनी आहे. फेसबुकवरून इंग्रजीत येतो, एक्सेलमध्ये मराठीत आहे, मुली फोनवर बोलताना "सोसा." लिहितात, कोणी "सो." लिहिलंय, कोणी "अपार्टमेंट". दोन नोंदी तर दिसायला अगदी सारख्या, तरी यादीत वेगळ्या.

पर्वतीपायथा | ३:२१

त्या सारख्या दिसणाऱ्या दोनपैकी एकीच्या मागे रिकामी जागा टाइप झाली असणार. अट अक्षर न् अक्षर जुळवते. जुळलं नाही की "नाहीतर", म्हणजे बंगला. सॉफ्टवेअर बरोबर चालतंय.

असं करा. "मालमत्ता" नावाचं नवीन ड्रॉपडाउन फील्ड बनवा, त्यात तीनच पर्याय. जुनं फील्ड पुसू नका, नुसतं लपवा. एक्सेलमध्ये ट्रिम वापरून रिकाम्या जागा काढा, २३ शब्दांचे तीन करा आणि फाइल परत चढवा. चढवताना "नवीन बनवा" नाही, "अपडेट करा" निवडायचं. जुळवणी मोबाइल नंबरवर करू नका. कुठे +९१ असेल, कुठे शून्य, एकेक माणूस दोनदा होईल. एक्स्पोर्टमध्ये लीडचा आयडी येतो, त्यावर जुळवा.

आणि महावितरणचा ग्राहक क्रमांक त्याच फाइलमध्ये असेल तर सांभाळा. तो १२ आकडी असतो आणि एक्सेल १२ आकडी संख्या "ई+११" अशी दाखवतं. तशीच सीएसव्ही सेव्ह केली की क्रमांक गेला. चढवायच्या फाइलमध्ये आयडी आणि मालमत्ता हे दोनच रकाने ठेवा.

फेसबुकच्या फॉर्ममधला प्रश्नही निवडीचा करा आणि त्याचे पर्याय ड्रॉपडाउनच्या पर्यायांशी जोडून घ्या, नाहीतर महिन्याभरात पुन्हा तेच.

गुलटेकडी_ट्रेडर | ४:०२

आम्ही हे गूगल फॉर्मवर केलंय, फुकट. उत्तरानुसार पुढच्या सेक्शनवर जायची सोय त्यात आहे. फॉर्मच्या लिंकमध्ये नाव-नंबर आधीच भरूनही ठेवता येतात. ती लिंक लीडमध्ये टाकायची, मुलगी क्लिक करते, बोलत बोलत भरते. सीआरएमची स्क्रिप्ट हवीच कशाला?

विमाननगर_ऑपरेशन्स | ४:१५

मग उत्तरं एका शीटमध्ये आणि लीड दुसरीकडे. परत कधी फोन करायचा हे कोण बघणार?

गुलटेकडी_ट्रेडर | ४:१९

मी स्वतः बघतो. सहा वर्षं बघतोय.

शब्दवेध | ४:४०

तांत्रिक भाग मला कळत नाही, भाषेचं काम करते म्हणून लिहिते. स्क्रिप्टचा मजकूर मराठीत आहे का? असेल तर "मी बोलतेय", "मी कळवते" अशी वाक्यं शोधा. उद्या मुलगा कामाला लागला की तो अडखळणार. "नमस्कार श्री. अमुक" असंही असेल तर काढा, कारण फोन बाईंनीही उचललेला असू शकतो. "आपण चौकशी केली होती, त्याबद्दल फोन आहे" हे वाक्य सगळ्यांना चालतं, बोलणाऱ्यालाही आणि ऐकणाऱ्यालाही.

सिंहगडरोडवाली | ५:०५

आमचा तिसरा जण मुलगाच आहे! तो दोन महिने मनातल्या मनात बदलून वाचतोय, मला आत्ता विचारल्यावर म्हणाला. आणि "श्री." पण आहे. आजच बदलते. खूप आभार.

चाळीस_वर्षं_विक्रीत | ५:३०

बघा, माणूस वाचतो तेव्हा त्याचं लक्ष समोरच्याकडे नसतं. हेच मी म्हणत होतो. पण सबसिडीची बाब वेगळी, तिथे आकडा लिहिलेलाच हवा. ती ओळ ठळक करा आणि बाकीचं बोलणं त्यांच्यावर सोडा. एवढं तरी ऐका.

सिंहगडरोडवाली | बुधवार, दुपारी १२:२०

नवीन फील्ड केलं, फाइल चढवली. माझ्या लॉगिनमधून तिन्ही स्क्रिप्ट बरोबर उघडतात. मुलींच्या लॉगिनमधून अजूनही बंगलाच! आता काय?

पर्वतीपायथा | १२:३३

नवीन फील्ड त्यांच्या रोलला (लॉगिनच्या प्रकाराला) दिसतं का? ॲडमिनला सगळं दिसतं. बाकी रोलना फील्ड वाचायची आणि बदलायची परवानगी वेगळी द्यावी लागते. फील्डच त्यांच्यासाठी नाही, मग अट रिकामीच. सेटिंगमध्ये रोल, त्यात लीड, त्यात फील्ड असं काहीसं असेल. यापुढे कुठलाही बदल केला की त्यांच्यापैकी एकीच्या लॉगिनने बघत जा.

सिंहगडरोडवाली | १:०२

तेच होतं. झालं!!

एक राहिलं. ओळखीतून आलेल्या लीडमध्ये फक्त नाव आणि नंबर असतो, मालमत्ता रिकामी. तिथे परत बंगला उघडतो.

पर्वतीपायथा | १:१५

"नाहीतर"मध्ये बंगला ठेवूच नका. चौथी, अगदी छोटी स्क्रिप्ट लिहा. नमस्कार, कोणी नंबर दिला, आणि एकच प्रश्न : सोलर कुठे बसवायचा विचार आहे? उत्तर आलं की ड्रॉपडाउनमध्ये निवडून सेव्ह करायचं. बऱ्याच ठिकाणी सेव्ह केल्याशिवाय स्क्रिप्ट पलटत नाही, तेवढं करून बघा. त्या चौथ्या स्क्रिप्टमध्ये सबसिडीचा आकडा अजिबात नको.

आंबेगावचा_अध्यक्ष | ४:४५

धागा वाचून विचारतो. आमच्या सोसायटीत लिफ्ट, पंप आणि पार्किंगचे दिवे मिळून बिल फार येतं. गच्चीवर दोन टाक्या आणि मोबाइल टॉवर आहे. वरच्या मजल्यावरचे दोन सभासद म्हणतात गच्ची आमची. सोलर बसेल का?

नियमपालक | ५:१०

आधी बिल्डरने गच्ची कागदोपत्री कोणाला दिली आहे ते बघा. मग सर्वसाधारण सभेत ठराव. तोंडी होकारावर कामाला लागू नका.

विमाननगर_ऑपरेशन्स | ५:१४

धागा स्क्रिप्टचा आहे, सोसायटीसाठी वेगळा काढा.

सिंहगडरोडवाली | रविवार, रात्री ९:५०

काल स्टॉल पार पडला. या वेळी वही ठेवली नाही, टॅबवर फॉर्म ठेवला. मालमत्ता निवडल्याशिवाय पुढे जाता येत नाही आणि फोन करण्याची परवानगी वेगळी टिक करून घेतली. आज सकाळपासून फोन चालू आहेत, तिन्ही लॉगिनमधून स्क्रिप्ट बरोबर उघडतात. चौथी छोटी स्क्रिप्टही चालते, सेव्ह केल्यावर लगेच पलटते. पर्वतीपायथा, तुमचे आभार कसे मानू कळत नाही.

काका, सबसिडीची ओळ ठळक केली आणि बंगल्याची स्क्रिप्ट अर्धी कापली. आमची जुनी मुलगी आता नुसतं बघते, वाचत नाही. नवीन मुलाला मात्र अजून पूर्ण लागते, त्याची मी तशीच ठेवली आहे.

बेकरीवाल्यांना मी स्वतः फोन केला. सबसिडी नाही, पण त्यांचं दुकान दिवसभर चालतं, वीज दिवसाच जास्त लागते, त्यामुळे सबसिडीशिवाय हिशोब काय होतो ते मांडून दाखवलं. मंगळवारी या म्हणाले.

आंबेगावचे अध्यक्ष : १ किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट सावली नसलेली जागा लागते आणि दिवसाला सरासरी ४ युनिटच्या आसपास वीज मिळते. टाक्यांची आणि टॉवरची सावली दुपारी कुठपर्यंत येते ते सकाळी १०, दुपारी १ आणि ४ वाजता गच्चीचे फोटो काढून ठेवा. सामायिक मीटरचं बिल व्यनित (खासगी निरोपात) पाठवा, मंजूर भार नीट वाचता येईल असं. ठरावाचं मात्र नियमपालक म्हणतात तसंच, ते तुम्हालाच करावं लागेल.