बाश्तिना, झादुझ्बिना, मिराझ : सर्बियन वारशाचे शब्द मराठीत कसे आणावेत?

बोरूबहाद्दर :
वूक काराजिच (१७८७–१८६४) यांच्यावरच्या मराठी लेखात तीन ठिकाणी अडतंय. 'बाश्तिना'ला सरळ 'वारसा' म्हणावं का? 'झादुझ्बिना'ला 'मठ' चालेल का? आणि सर्बियन लोकगीतं, भाषा, इतिहास यांसाठी ते जन्मभर झटले, त्याला 'पुरस्कार केला' म्हणावं की आणखी काही?

टीपकागद :
बाश्तिना आधी. आज 'सांस्कृतिक वारसा' अशा अर्थी हा शब्द येतो, तिथे 'वारसा' बरोबर. पण लेख मध्ययुगात शिरला की अर्थ बदलतो. तेव्हा बाश्तिना म्हणजे बापाकडून आलेली, विकता येणारी, मुलाकडे जाणारी जमीन. तिच्यासमोर 'प्रोनिया' : चाकरीच्या बदल्यात दिलेली, चाकरी संपली की काढून घेता येणारी. सर्बियाचा सम्राट दुशान याच्या १३४९ च्या कायद्यात हे दोन्ही शब्द आहेत. आपल्याकडे या जोडीला तयार शब्द आहेत : मिरास आणि सरंजाम. तंतोतंत नव्हेत, पण 'खाजगी मालमत्ता' आणि 'सशर्त अनुदान' यांपेक्षा कितीतरी जवळचे.

एक फसवी जागा. सर्बियनमध्ये 'बाश्ता' म्हणजे बाग. तो फारसीतून तुर्कीमार्गे गेलेला शब्द, म्हणजे आपल्या बगीच्याची सख्खी बहीण. बाश्तिना मात्र बापासाठी असलेल्या जुन्या स्लाव शब्दावरून आली. 'बागेची जमीन' अशी व्युत्पत्ती कुठे दिसली तर ती खोडा.

जुना_कोश :
मिरास म्हणताना एक गंमत लक्षात ठेवा. तोच अरबी शब्द तुर्कीतून सर्बियनमध्ये 'मिराझ' होऊन गेला आणि तिथे त्याचा अर्थ झाला हुंडा! मूळ अर्थ वारशाने आलेलं धन. आपल्याकडे ते जमिनीला चिकटलं, तिकडे नवरीच्या पेटीला. अशी आणखी भावंडं आहेत. 'दुचान' (दुकान) आणि 'बाक्शिश' (बक्षीस) सरळ आहेत. 'केसा' म्हणजे पिशवी, आपला खिसा. आणि 'कुसूर' म्हणजे दुकानदाराने परत दिलेले सुटे पैसे; आपला कसूर म्हणजे चूक. उणं पडलेलं, उरलेलं, हा दोघांतला धागा. भाषांतर करताना ओळखीचा चेहरा पाहून अर्थ गृहीत धरू नका, एवढंच.

टीपकागद :
झादुझ्बिनाला 'मठ' नको. 'झा दुशू' म्हणजे आत्म्यासाठी. आपल्या आत्म्याच्या कल्याणासाठी बांधून दिलेली वास्तू, मग ती मठ असो, पूल असो की शाळा. सर्बियाचा मध्ययुगीन शासक स्तेफान नेमान्या याने बाराव्या शतकाच्या अखेरीस उभारलेला स्तुदेनित्साचा मठ ही त्याची झादुझ्बिना. पण बेलग्रेडमधलं व्यापारी इलिया कोलारात्स यांच्या देणगीचं सभागृहही झादुझ्बिनाच. म्हणून 'धर्मादाय' किंवा 'पुण्यार्थ वास्तू'. देच्यानीच्या मठाला १३३० मध्ये राजाने गावं तोडून दिली, त्या कागदाला 'सनद' आणि गावांना 'इनाम' म्हणायला काहीच हरकत नाही.

'दुशा'तला (म्हणजे आत्मा) श गेला कुठे, असं कोणी विचारेल. पुढे घोष ब आला की अघोष श सघोष होतो. सत् + गती = सद्गती, तसंच. वूक यांनी उच्चारलं तसं लिहायचा आग्रह धरला तो इथे दिसतो : देश 'सर्बिया', पण भाषा 'स्रप्स्की', कारण स च्या आधी ब चा प होतो आणि तो तसाच लिहायचा.

बोरूबहाद्दर :
मठांची नावं 'स्टुडेनिका' आणि 'ग्राकानिका' अशी छापलेली दिसतात. ते चूक?

जुना_कोश :
दुहेरी चूक. सर्बियन त-द दंत्य आहेत, म्हणून ट-ड नको. शेवटचं अक्षर 'त्स', 'क' नव्हे. रोमन लिपीतला सी इंग्रजी सवयीने वाचल्यामुळे हा घोळ होतो. खरं तर तो 'त्स' आपल्या 'चाक', 'चूल'मधला च आहे. पण 'ग्राचानिचा' लिहिलं तर वाचक 'ग्राचानी या गावाचा' असं समजेल! शिवाय मधला 'चा' तो 'चाक'सारखा उच्चारेल, तिथे हवा 'चार'मधला. म्हणून 'ग्राच्यानित्सा', 'देच्यानी'. इ-ए पुढे असली तर काळजी नाही, मराठीत तिथे च-ज तालव्यच असतात. 'काराजिच'मधला जि आपोआप बरोबर येतो.
झ मात्र दोन कामं करतो. 'झादुझ्बिना'तला पहिला 'झाड'च्या जवळचा, दुसरा 'ट्रेझरी'तला. 'ज' लिहिलात तर 'जादू' वाचतील.

पैलतीर :
कामाच्या शब्दाबद्दल. 'पुरस्कार' टाळा, 'वूक यांना पुरस्कार' असंच आधी डोक्यात येतं. 'वकिली'त पैसे घेऊन बाजू मांडल्याचा वास आहे. 'कैवार' बसतो, कारण कैवार घेताना समोर कोणीतरी लागतो, आणि इथे होता. वूक यांचा १८१८ चा व्हिएन्नातला सर्बियन कोश आला तो २६ हजारांहून अधिक शब्दांचा, जर्मन-लॅटिन अर्थांसह आणि बोलीतल्या शिव्यांसह. शिव्यांवर गदारोळ झाला. १८५२ च्या आवृत्तीत त्या गाळल्या. सर्ब ऑर्थोडॉक्स पंथाचे, त्यामुळे सर्बियन लिपीत लॅटिनमधून घेतलेल्या 'य'च्या अक्षरावर (J) तर कॅथलिक कटाचा आरोप झाला. त्यांचं शुद्धलेखन सर्बियाने मान्य केलं १८६८ मध्ये, वूक गेल्यावर चार वर्षांनी.
पण कैवार एकतर्फीही असतो. १८४९ मध्ये छापलेल्या लेखात श्तोकावियन बोली (ती अनेक क्रोएटही बोलतात) बोलणारे सगळे सर्बच, असं त्यांनी मांडलं. क्रोएशियन वाचकांना ते आजही बोचतं. 'संवर्धन' लिहिलंत तर ही धार पुसली जाईल.

बोरूबहाद्दर :
कैवार पक्का. शेवटचं : विभक्ती लावताना 'स्तुदेनित्सेत' की 'स्तुदेनित्सात'?

टीपकागद :
'सर्बियात'सारखं 'स्तुदेनित्सात'. सामान्यनामं मात्र वाकवा : बाश्तिनेचा, झादुझ्बिनेला. दोन्ही मूळ भाषेतही स्त्रीलिंगीच आहेत. मिराझ पुल्लिंगी, त्यामुळे 'तो मिराझ'.